बाबांच्या बाजूचं चाक

बाबा गेल्यावर तेरा दिवस आम्ही घरात टीव्ही लावला नाही आणि गाडीत गाणी लावली नाहीत. सुतकात लावत नाहीत, एवढंच. मी काही फार पाळणारा नाही, पण अशा वेळी आईशी कोण वाद घालणार? भटजींकडे, सामानाला, दाखल्यासाठी महापालिकेत, असा एकटाच गाडी घेऊन फिरत होतो. ही गाडी गाण्यांशिवाय मी पहिल्यांदाच चालवत होतो. चौथ्या दिवशी बेव्हर्ली पार्कच्या वळणावर मला आवाज ऐकू आला. घुर्र घुर्र, चाकाच्या फेऱ्याबरोबर येणारा, वेग वाढवला की वाढणारा. डाव्या बाजूने.

मी गाडी कडेला घेतली आणि तसाच बसून राहिलो. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण बाबांनी मला तो कितीतरी वेळा सांगितला होता.

बाबा पस्तीस वर्षं एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाल्यावर गिरगावची खोली विकून आम्ही सगळे मीरा रोडला आलो आणि पुढे मी गाडी घेतली. तिच्यात त्यांची जागा ठरलेली, पुढे डावीकडे. आई मागे. गेल्या वर्षी ते म्हणायला लागले, "अरे, पुढचं बेअरिंग गेलंय बघ. माझ्या बाजूचं. दाखवून घे." मी म्हणालो, "बाबा, रस्ता बघा ना कसाय. सगळीकडे मेट्रोचं काम चाललंय." दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी गाणं जरा मोठं केलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण केलं.

ते काही सोडेनात. दर रविवारी तेच. मग माझं डोकं चाललं, म्हणजे नको तिथे चाललं. घरात कुणी शिंकलं तरी डॉक्टर गाठणारे आम्ही. गाडीचा आवाज ऐकणाऱ्या माणसाला मी कानाच्या डॉक्टरकडे नेलं, गाडी मात्र मेकॅनिककडे नेली नाही. मी लेथ म्हटल्याबरोबर डॉक्टरांनी मान डोलावली. कारखान्यात आयुष्य गेलेल्यांच्या कानात असे आवाज येतात, म्हणाले. रोज एक गोळी लिहून दिली, पाकीट संपत आलं की मी कामावरून येताना नवं आणायचो. बाबा तिथे एक शब्द बोलले नाहीत. नंतरही गाडीच्या आवाजाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मी बायकोला ऐटीत सांगितलं, बघ, गुण आला.

म्हणून आता मला एकच गोष्ट हवी होती. हा आवाज नवा असावा. बाबांनी ऐकलेला तो हा नसावा.

खरं सांगायचं तर ते गेल्यापासून मला दुसरं काही वाटतच नव्हतं. रडू आलं नाही. स्मशानात बाबांचे भावासारखे मित्र गळ्यात पडून रडले, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. लोक भेटायला यायचे, मी चहाचं बघायचो. जीव कुठे अडकला असेल तर तो फक्त त्या चाकात.

सोसायटीत गाडीबद्दल विचारलं की ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही तोही सल्ला देतो. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, टायर असमान झिजलाय. मला ते फार आवडलं. टायर तीन महिन्यांपूर्वी बदलले होते. टायरचा आवाज असेल तर बाबा बोलत होते तो वेगळा, म्हणजे मी सुटलो. टायरवाल्याकडे जाऊन पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून घेतले. आवाज टायरचा असता तर टायरबरोबर मागे गेला असता. पण तो होता तिथेच राहिला.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी काशीमिऱ्याच्या एका गॅरेजमध्ये गेलो. बायको म्हणाली, आईंनाही घेऊन जा, इतक्या दिवसांत उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. आई निमूटपणे मागे बसली. मेकॅनिकने स्टिअरिंग घेतलं आणि मला शेजारी बसवलं. बाबांच्या जागेवर मी त्याआधी कधी बसलो नव्हतो. घोडबंदर रोडने चेणे गावाच्या दिशेला निघालो आणि काचा खाली केल्या. त्या सीटवर आवाज पायातून वर येत होता. तो ऐकू न येणंच कठीण होतं.

वेगात असताना त्याने गिअर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली. आवाज तसाच. "इंजन का नहीं है," तो म्हणाला. मग मोकळा रस्ता बघून त्याने गाडी हलकेच उजवीकडे वळवली. भार डाव्या चाकावर आला तसा आवाज वाढला. डावीकडे वळवली, कमी झाला. तो माझ्याकडे बघून नुसता हसला.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर चढवली. त्याने चाक हाताने फिरवलं आणि मला म्हणाला, "स्प्रिंग पे हाथ रखो, साब." मी ठेवला. बोटांना बारीक खरखर लागली, हातात भरड पीठ घेतल्यासारखी. उजव्या चाकाच्या स्प्रिंगवर हात ठेवला तर काहीच नाही.

बेअरिंग काढायला दोन तास लागले. मी आणि आई प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो होतो. ती रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. मेकॅनिकने फडक्यावर ते काळंनिळं कडं आणून दाखवलं, आत गंज, गोळ्यांवर खड्डे.

"पंद्रह दिन से है बोले ना आप? ये पंद्रह दिन का नहीं है. साल भर से बोल रहा होगा. गाड़ी में किसी ने सुना नहीं?"

"नहीं," मी म्हणालो.

"मला ऐकू यायचा," आई म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. "मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते. ह्यांनीच गप्प केलं. म्हणाले, तू काही बोलू नकोस, नाहीतर तो तुलाही कानाच्या डॉक्टरकडे नेईल." आणि ती हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. मेकॅनिकला मराठी कळत असावं, तोही हसला.

मी विचारलं, "आणि त्या कानाच्या गोळ्या? बाबा फेकून द्यायचे ना?"

"छे, रोज घ्यायचे. झोप यायची दिवसभर, तरी घ्यायचे," आई म्हणाली. "म्हणायचे, कामावरून दमून येतो, तरी न विसरता आणतो पोरगा."