आप्पांचा डावा सिलिंडर

किस्से हे सायलेन्सरमधल्या काजळीसारखे असतात. रोज थोडे थोडे बसतात, कळतही नाही. एक दिवस गाडी ओढंनाशी होते म्हणून उघडून बघावं, तर आत मूठभर काळं! मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं, मुनीरभाईच्या गॅरेजात बसून बसून माझ्याकडं असं पोतंभर साठलंय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यातलंही अर्धं मास्तरांच्या सायकलची हवा सोडण्यात गेलं. तेव्हा व्याकरण बघू नका, मजा बघा. मजा जरा कडू लागंल. आजकाल सगळीच तशी लागते.

आमची टोळी चौघांची. मिस्त्री मुनीरभाई. रिटायर झालेले जोशीसर, ज्यांना जगातलं सगळं मोबाइलवर कळतं. मी, बापू. आणि सोयगावचे आप्पा देशमुख. शेती तिकडं, घर इकडं, आणि जीव त्यांच्या जुन्या डबल सिलिंडर मोटारसायकलीत. गॅरेजात त्यांची एक लोखंडी खुर्ची होती. आता तिच्यावर मी माझं हेल्मेट ठेवतो, म्हणजे दुसरं कुणी बसत नाय.

*

गाडीला सिलिंडर दोन, धुराचे पाइप दोन, रोग एकच. उजवा काम करायचा, डावा नुसता सोबत फिरायचा!

मुनीरभाईची तपासणी सोपी. इंजिन चालू करायचं, पाण्याच्या ग्लासात बोटं बुडवायची आणि दोन्ही पाइपांवर शिंतोडे मारायचे. उजव्यावर 'चर्र!' डाव्यावर थेंब तसाच बसून राहायचा, पाहुण्यासारखा.

जोशीसर तेव्हा टोळीत नवे. मी म्हणालो, "सर, डावा पाइप गार हाय. बिनधास्त हात लावून बघा."

सर उभे गाडीच्या समोर. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडचा पाइप धरला!

तळव्याला खोबरेल चोळत सर ओरडले, "बापू, डावा म्हणजे कुणाचा डावा?"

आप्पा खुर्चीतून शांतपणे म्हणाले, "गाडीवर बसून मोजायचं असतं, सर. समोरून फक्त ट्रकवाले बघतात."

*

इलाज लई झाले. उजव्याचा प्लग डावीकडं लावला, डाव्याचा उजवीकडं. दोष प्लगचा असता तर प्लगसंगं उजवीकडं गेला असता. नाय गेला. मग कॉइल अशाच बदलून पाहिल्या, कार्ब्युरेटर धुतला. डावा जिथल्या तिथं मेलेला.

शेवटी मुनीरभाईनं प्लग काढून त्या भोकावर अंगठा दाबला आणि मला किक मारायला लावली. उजवीकडं अंगठा उडाला. डावीकडं हलला पण नाय, आत दाबच नव्हता.

"दाहिना लात मारता," मुनीरभाई म्हणाला, "बायां खाली उसासे भरता. इंजन खोलना पडता, आप्पा."

"नाय."

"कायको?"

"थोरल्या भावाला ऑपरेशनला उघडलं होतं. तो परत तसाच्या तसा मिळाला नाय. माझी गाडी कुणी उघडायची नाय."

जोशीसरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुणी एक गोरा, पांढरे हातमोजे घालून असलंच इंजिन उघडतोय, पुसतोय, परत बसवतोय. आप्पांनी अख्खा बघितला. मग म्हणाले, "ह्याचं गॅरेज आमच्या देवघरापेक्षा साफ हाय. असल्या जागी गाडी बिघडतेच कशाला?"

मग काय! दर दिवाळीला इकडचा प्लग तिकडं, तिकडचा इकडं, आणि पेढा.

*

रविवारी आम्ही हर्सूल तलावाला जायचो. आधी टोळीत लई गाड्या होत्या. मग कुणाचे गुडघे गेले, कुणाला पोरांनी पुण्याला नेलं, कुणाला त्याहून लांब नेलं. आम्हीच उरलो.

एकदा आप्पांची गाडी नेमकी वाटेतल्या जेलच्या दारासमोर बंद पडली. मला अशा वेळी गप्प बसवत नाय. पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारली, "साहेब, हे स्वतःहून आलेत. घ्या आत!"

शिपाईही मिश्कील. म्हणाला, "गुन्हा काय?"

आप्पा किक मारता मारता थांबले. "एक सिलिंडर मेलाय," ते म्हणाले, "आणि मी कुणाला न सांगता चालवतोय."

शिपायानं धक्का मारून दिला.

*

मग आप्पांना झटका आला. डावा हात, डावा पाय, अर्धं तोंड, सगळं गेलं.

दवाखान्यात आम्ही तिघं खाटेभोवती उभे. आप्पांच्या बायको, माई, पदर तोंडाला लावून बसलेल्या. मला ते सोसंना आणि तोंडातून निघून गेलं, "काय आप्पा, तुमचाबी डावाच गेला की!"

जोशीसरांनी माझा दंड असा आवळला की अजून निळा असंल. माईंनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याला पाणी मारलं असतं तर 'चर्र' झालं असतं.

आप्पांचं उजवं तोंड हळूहळू हललं. "प्लग... बदलून... बघा."

हसलो. मग बाहेर जाऊन तिघंही तीन दिशांना तोंड करून उभे राहिलो.

*

घरी आणल्यावर आप्पांनी एकच मागितलं. "माझी गाडी... खिडकीखाली... एकदा वाजवा." डॉक्टरांनी माईंना जे सांगितलं होतं, ते आप्पांना कुणी न सांगता कळलेलं.

माई स्वतः गॅरेजात आल्या. "मुनीर, माणसाला उघडून आता उपयोग नाय म्हणाले डॉक्टर. गाडी तरी उघड. त्यांना एकदा धड आवाज ऐकू दे."

मुनीरभाईनं उघडली. डाव्या पिस्टनच्या रिंगा काजळीनं खाचेत घट्ट चिकटून बसलेल्या! इतक्या वर्षांचा रोग, आणि तो एवढाच. दुसरं कुठलंच काम त्यानं हातात घेतलं नाय. काजळी खरवडून, परत जोडून झाल्यावर किक मारली, पाणी शिंपडलं. चर्र! चर्र! दोन्हीकडं! जोशीसर खुर्चीला धरून रडले. मी त्यांना चिडवलंसुद्धा नाय.

तशीच गाडी आप्पांच्या खिडकीखाली नेली. मुनीरभाई गाडीवर, मी आणि सर आत, खाटेजवळ. काय आवाज हो! एकसारखा, गोल, शिलाई मशिनीसारखा. माईंनी हात जोडले.

आप्पा छताकडं बघत होते.

"कोण... आलंय?"

"आप्पा, गाडी आणली," मी म्हणालो.

"कुणाची?" मग खिडकीकडं मान वळवून, "माझी... कवा आणता?"

माईंचे हात जोडलेलेच राहिले. सर माझ्याकडं बघायला लागले, आणि मी खिडकीकडं.

मुनीरभाईनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं. तो खाली उतरला, वाकला आणि डाव्या प्लगवरची वायरची टोपी ओढून काढली.

गाडी थरथरली. फट... फट-फट... फट...

आप्पांचा उजवा हात चादरीवरून उठला. अर्धं तोंड हसलं.

"आली," ते म्हणाले. जरा कान देऊन ऐकलं. "डावा अजून... मेलेलाच हाय. मुनीर, उद्या... बघ जरा."

मुनीरभाईनं टोपी मुठीत धरली.

"हौ आप्पा," तो म्हणाला. "कल देखता."