आत्याची पाठ

घरी आलेल्या नव्या माणसाचं स्वागत आमच्या आत्याइतकं वाईट करणारं माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला रे आला की त्याला गाव विचारतात, आडनाव विचारतात, त्या आडनावाचे आणखी चार जण कुठं कुठं राहतात ते सांगून त्यांच्यातला तू नेमका कोणाचा हे वदवून घेतात, आणि पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत त्या बिचाऱ्याचा पगार, जमीन आणि मुलंबाळं यांची खडानखडा माहिती आळीभर पोचलेली असते. आत्या यातलं काहीच करत नाही. ती तांब्या पाहुण्याच्या हाताला लागेल अशा बेतानं खाली ठेवते, त्याच्याकडे पाठ करते आणि शेंगा फोडायला बसते. शेंगा नसतील तर बाजरी निवडते. बाजरी निवडून झाली असेल तर निवडलेलीच पुन्हा निवडते, पण तोंड म्हणून वळवत नाही. नवखा पाहुणा थोडा वेळ तिच्या अंबाड्याकडे बघत बसतो, आपलं काय चुकलं याचा विचार करतो आणि बहुधा चहा न घेताच उठतो.

हा नियम फक्त माणसांपुरता असता तर समजू शकलो असतो. मी नोकरीला लागल्यावर मोठ्या हौसेनं तिला टीव्ही नेऊन दिला. सगळी आळी समोर दाटीवाटीनं बसली आणि घरची मालकीण मात्र टीव्हीकडे पाठ करून नुसता आवाज ऐकत राहिली. "आल्या आल्या कुनाच्या बी तोंडाकडं टकमक बघू न्हाई," असं तिचं म्हणणं. आठवड्याभरानं ती वळली, आणि मग मालिकांतल्या एकेका सासूला तिनं जे झाडायला घेतलं त्यापुढं मालिका फिकी पडली. गावात नवे गुरुजी बदलून आले तेव्हा लोकांनी त्यांना आलटून पालटून जेवायला बोलावून त्यांचं पोट बिघडवलं. आत्यानं त्यांच्या दाराशी ताकाचा गडवा ठेवला, कडी वाजवली, आणि गुरुजी दार उघडेपर्यंत ती चालायला लागलेली होती. रोज हेच. गुरुजींना पुष्कळ दिवस ताक देणारी बाई फक्त मागून ओळखता येत होती. पुढं एकदा तिनं भर रस्त्यात त्यांना थांबवून सुनावलं, "मास्तर, डोक्याला तेल लावत जावा, पोरं भित्यात तुमाला." त्या दिवशी गुरुजी गावचे झाले, असं मी मानतो. कारण आत्याचं असं आहे की तिनं बोलणी खायला घातली की समजावं, आपण तिचे झालो.

आणि बोलणी खायला घालताना ती हात आखडता घेत नाही. तिला मोबाईल कशासाठी लागतो हे मला अजून कळलेलं नाही. पाथर्डीच्या पलीकडच्या त्या गावातून ती जशी बोलते, तसं नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटची नुसती खिडकी उघडली तरी ऐकू यावं. माझं लग्न झाल्यावर बायकोला घेऊन गेलो तेव्हा आत्यानं रीतसर तिच्याकडे पाठ केली. बायको रडकुंडीला आली. मी म्हटलं, थांब जरा. निघायच्या दिवशी आत्या वळली आणि म्हणाली, "कुकू वाकडं लागलंय तुझं. आरशात बघायला लाजती का काय?" बायकोनं कुंकू सरळ केलं आणि एसटीत बसल्यावर मला विचारलं, आता त्यांना आपल्याकडे कधी बोलवायचं.

तिचं दुसरं वेड स्वच्छतेचं. आत्याच्या हाताला जे लागेल ते धुतलं जातं. शेळीचे पाय ती धुते, शेळीचं दावं धुते, दावं बांधायचा खुंटा धुते. गप्पा मारायला आलेल्या माणसाच्या खांद्यावरचा टॉवेल बोलता बोलता ओढून घेऊन, पिळून वाळत घातलेला मी पाहिला आहे. तो माणूस टॉवेल वाळेपर्यंत थांबला. एसटीची सीट पदरानं पुसल्याशिवाय ती बसत नाही, आणि आपली पुसून झाली की शेजारच्याला उठवून त्याचीही पुसते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तिचा पुढं संबंध आहे.

तर यंदा हिवाळा सुरू होताना आमच्या फ्लॅटमध्ये एक ससा आला. आमच्याच सोसायटीतलं एक कुटुंब बदली होऊन चाललं होतं. त्यांच्या सशिणीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक आमच्या जुईनं मागून घेतलं. जुई तिसरीत आहे. तपकिरी रंगाचं, मुठीपेक्षा थोडं मोठं ते पिल्लू शुक्रवारी संध्याकाळी बिस्किटांच्या खोक्यातून आलं आणि जुईनं त्याचं नाव फुटाणा ठेवलं. फुटाण्याच्या स्वागतात आम्ही काही म्हणता काही कमी केलं नाही. सोसायटीतली सगळी मुलं बघायला आली. मुलांना न्यायला त्यांच्या आया आल्या, त्यांनीही बघितलं. फोटो निघाले. कोणी त्याचे कान धरून बघितले, कोणी गाजर नाकाशी नेलं, मी मांडीवर घेऊन त्याला थोपटलं. बायकोनं त्याचं वास मारणारं खोकं गवतासकट बाल्कनीत नेऊन टाकलं आणि नवी कोरी टोपली, त्यात नवी कोरी चादर अशी व्यवस्था केली. फुटाणा माझ्या मांडीवरून जो निसटला तो हॉलमधल्या दिवाणाखाली, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मग आम्ही सगळे आडवे होऊन मोबाईलच्या उजेडात त्याला बघत राहिलो आणि एका सुरात म्हणत राहिलो, ये, ये.

शनिवारी दुपारपर्यंत त्यानं कशालाही तोंड लावलं नव्हतं. गाजर, कोथिंबीर, मेथी, सगळं दिवाणाच्या कडेला सुकून गेलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, हे हसण्यावारी नेऊ नका, सशाचं पोट फार वेळ रिकामं राहिलं की आतडी थंडावतात आणि मग तो हाती लागत नाही. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या. त्या कुटुंबाचा टेम्पो रविवारी सकाळी निघणार होता. म्हणजे पिल्लू परत द्यायचं तर तेवढाच वेळ हातात होता. जुई दिवाणापाशी पालथी पडून होती. मला म्हणाली, "पप्पा, त्याला आईकडं जायचंय. आपण देऊन टाकू." तिच्या आवाजात हट्ट नव्हता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

अशा वेळी आत्या दारात उभी राहिली. डोळे दाखवायला ती सोमवारी येणार होती, पण एसटी रिकामी दिसली म्हणून आजच बसले, असं तिनं सांगितलं. डोक्यावर शेंगांचं गाठोडं होतं. जुईनं रडत रडत सगळी हकीकत सांगितली. आत्यानं खाली वाकून दिवाणाखाली बघितलंसुद्धा नाही. गाठोडं ठेवलं आणि विचारलं, "आलं कशातनं ते?"

"खोक्यातनं," बायको म्हणाली. "फार घाण झालं होतं आत्याबाई, बाल्कनीत टाकलंय मी."

"म्हंजी त्याचं घर तुमी भाईर टाकलं आन् त्याला म्हन्ता, ये," आत्या म्हणाली. "आना ते खोकं."

खोकं आलं, तसंच, घाणीसकट. आत्यानं ते दिवाणाच्या कडेला आडवं ठेवलं, आतलं जुनं वाळलेलं गवत थोडं पुढं ओढलं, पाण्याची वाटी टेकवली. मग आम्हा सगळ्यांना हातानं हाकललं. "जावा तिकडं स्वयपाकघरात. हितं काय तमाशा लागलाय व्हय? आन् नाव घेऊन हाका मारू नगा त्येला. त्येचं त्येला बसू द्या." आणि खोक्याकडे पाठ करून फरशीवर बैठक मारून ती शेंगा फोडायला लागली.

बायको माझ्या कानाशी पुटपुटली, "यांनी ते खोकं धुतलं नाही." ती आत्याला इतक्या वर्षांत चांगली ओळखते, म्हणून तिला ते खटकलं. स्वयंपाकघराच्या दारातून मला आत्याची पाठ दिसत होती, आणि ती पाठ मी याच बाजूनं पूर्वी बघितली होती.

माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक यायचा, भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं असं सगळं त्यात चढायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या फडावर राहायचं. मी शाळेच्या वयाचा झालो तेव्हा वडिलांनी ठरवलं, पोराची शाळा बुडवायची नाही, आणि मला आत्याकडे आणून सोडलं. आत्या तेव्हाही एकटीच होती. तिचे यजमान मी पाहिलेले नाहीत, ते माझ्या जन्माआधीच गेले. आई-वडील फडावर निघून गेले आणि मी धान्याच्या कणगीमागं जाऊन बसलो. माझ्याबरोबर आईच्या जुन्या लुगड्याची एक गोधडी होती, तेवढी घट्ट धरून. आळीतल्या बायका पाळीपाळीनं येऊन वाकून बघायच्या, कोणी गूळ दाखवायचं, कोणी म्हणायचं, आरं ये की भाईर, लाजतो का. मी भिंतीत शिरता येईल तेवढा शिरत होतो. आत्यानं त्या सगळ्यांना पिटाळलं, दार पुढं केलं आणि कणगीपाशी माझ्याकडे पाठ करून बसली. जेवायच्या वेळी तिचा हात मागं यायचा, भाकरीची ताटली माझ्याकडे सरकवायचा आणि परत पुढं जायचा. ती मला एक शब्द विचारत नव्हती. बाजरी निवडत होती, आणि ती कधीच निवडून झाली असणार हे आता मला कळतं.

किती वेळानं मी भाकरी खाल्ली ते आठवत नाही. पण पोटात अन्न गेल्यावर मी कणगीमागून सरकत आलो आणि तिच्या पाठीला डोकं टेकलं, एवढं मात्र लख्ख आठवतं. ती वळली नाही. "आलास व्हय," म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "नाक पूस. लुगड्याला लावू नगो माझ्या." त्या दिवसापासून तिनं मला जे बोलायला घेतलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

दिवाणाखाली खुडबूड झाली. जुईनं माझा हात धरला. आधी एक नाक दिसलं, मग कान, आणि फुटाणा सरपटत खोक्यात शिरला. बराच वेळ काही झालं नाही. मग वाळलेलं गवत कुरतडल्याचा आवाज आला, आणि थांबला नाही. आत्यानं शेंगा फोडण्याचा वेग जरासुद्धा बदलला नाही. संध्याकाळचं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं तेव्हा फुटाणा खोक्यातून बाहेर आला, आत्याच्या मागं येऊन बसला आणि त्यानं तिच्या लुगड्याला आधी नाक लावलं, मग हनुवटी घासली.

"आलं व्हय," आत्या म्हणाली. मग नेहमीच्या, वेशीपर्यंत जाणाऱ्या आवाजात, "लेंड्या कोपऱ्यात टाकायच्या, सांगून ठिवते. समद्या घरात फुटाने नगं मला." फुटाणा दचकून खोक्यात गेला आणि लगेच परत आला. जुई इतकी हसली की तिला उचकी लागली. डॉक्टरांना फोन करून सांगितलं. रविवारी सकाळी टेम्पो निघाला तेव्हा जुईनं खाली जाऊन सशिणीला लांबूनच टाटा केला आणि पिल्लू बरं आहे असं तिला सांगून आली.

त्या दुपारी घरात सगळे झोपले होते. आत्या फरशीवर बसून राहिलेल्या शेंगा फोडत होती, फुटाणा तिच्या पदराशी पसरला होता. मी गेलो आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसलो. आत्यासमोर बसून मला जे कधी बोलता आलं नसतं ते तिच्या पाठीशी बोलायला सोपं गेलं.

"आत्या," मी म्हणालो, "माझी ती गोधडी तू कधी धुतली नाहीस. आई परत येईपर्यंत तशीच ठेवलीस."

शेंगांचा आवाज थांबला. "तुझ्या आयचा वास हुता तिला," ती म्हणाली. "धुतली असती म्हंजी ग्येला असता त्यो."

मी म्हणालो, तू तिथं बसलीस म्हणून मी राहिलो. शाळा झाली, नोकरी लागली, हे घर झालं, ते सगळं तिथून आहे. हे तुला आजवर कधी सांगितलं नाही, म्हणून आज सांगतो. आत्या पुष्कळ वेळ गप्प राहिली, आणि आत्या गप्प आहे आणि समोर नवं कोणी नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

"नीट बस," अखेर ती म्हणाली. "समदा भार माझ्यावर टाकू नगो. म्हातारी झाले मी."

मी सरळ झालो. पूर्वी माझं डोकं तिच्या पाठीच्या मध्यावर टेकायचं. आता तिचं डोकं माझ्या खांद्यापर्यंतही पोचत नव्हतं. थोड्या वेळानं तिनंच हळूहळू आपला भार माझ्या पाठीवर टाकला आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.