शाळेसमोरचे पांढरे पट्टे

शाळा सुटायला पाच मिनिटं उशीर झाला की गेटवर उभ्या आम्हा आयांकडं एक किस्सा वाढतो. समोर बीडचा रस्ता, त्यावर झेब्रा क्रॉसिंग. दुसरीतली माझी स्वरा रोज म्हणायची, "मम्मी, हात सोड, सगळा वर्ग बघतो." मी म्हणायचे, उद्या. असे बरेच उद्या झाले होते.

*

पट्टे मारल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक काळीपिवळी माझ्यासाठी थांबली. मला इतकं भरून आलं की थँक्यू म्हणायला मी हात वर केला. ड्रायव्हरनं दार उघडलं. "पाटोदा ना? बसा, निघालीच."

मला कुठंच जायचं नाही म्हटल्यावर तो खरंच दुखावला. "मग हात कावून केला?"

*

आमच्यातल्या शिवलीलाताईंचं किराणा दुकान. त्यांच्यासाठी मोटारसायकली थांबतात, पण सगळी गिऱ्हाइकं. एकानं तर पट्ट्यांवरच गाडी लावून नवी ज्वारी आली का, तूरडाळ कशी, सगळं विचारून घेतलं. मागं हॉर्नचा नुसता कल्ला. शेवटी तो वळून हॉर्नवाल्यांवरच डाफरला, "दिसत न्हाई का बे, बायामाणसं रस्ता ओलांडायलेत!"

*

एकदा एका पुढाऱ्याची पांढरी गाडी थांबली. काच खाली, साहेबांनी हात जोडले. आम्हीही जोडले. त्यांनी पुन्हा जोडले. आधी हात खाली कोण करणार? निवडणूक तोंडावर होती, साहेब काही करेनात. बऱ्याच वेळानं गाडीच निघून गेली. आम्ही अलीकडंच.

*

मी नवी नवी स्कूटी शिकले तेव्हा एका आजोबांसाठी पट्ट्यांपाशी थांबले. दुसऱ्यांना नावं ठेवायची तर आपण थांबायला नको? आजोबा म्हणाले, तू जा. मी म्हटलं, तुम्ही जा. असं तीन-चारदा झालं. मग त्यांनी माझ्या दोन्ही टेकलेल्या पायांकडं निरखून पाहिलं.

"बाई, गाडी येती ना तुला?"

"शिकतेय, आजोबा."

"मग तू जाय आधी. मी हितं बरा हाय."

*

आणि परवा. शाळा सुटली, आम्ही पट्ट्यांपाशी आलो, तर समोरून उसाचा ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, वर मोठ्यानं गाणी. मी मूठ आवळली. ट्रॅक्टर बरोबर पट्ट्यांच्या अलीकडं थांबला. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं आणि हातानं खूण केली, जा.

मी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. पुन्हा उजवीकडं. एवढा ऊस ब्रेकला जुमानतो का, याचा विचार केला. ट्रॉलीचं चाक थोडं हललं असं वाटलं, म्हणून त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं. मागं जीपवाले हॉर्न देत होते. स्वराला बजावायला खाली वाकले, तर माझ्या मुठीत तिच्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा होता. नुसता पट्टा आणि बाटली.

ड्रायव्हर वरून शांतपणे म्हणाला, "ताई, पोरगी कवाच पलीकडं गेली. म्या तुमच्यासाठी थांबलोय."