दाखला कुणाचा?

डॉक्टरबाईंनी मॅमोग्राफीची फिल्म उजेडापुढे धरली. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. “गाठ संशयास्पद दिसतेय, बायोप्सी करू या,” त्या म्हणाल्या. सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायचा, ती बायोप्सी. विचार करून सांगते म्हणून मी निघाले.

कळंब्याला घरी आले, तर जाऊबाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. सुई लागली की गाठ अंगभर पसरते, काढ्याने मात्र विरघळते, असं एक वैद्य ठासून सांगत होता. “माझं ऐक, सुई लावून घेऊ नगंस,” म्हणत जाऊबाईंनी काढाही मागवला आणि स्वतः उकळून दिला. त्यांच्या मायेत खोट नव्हती, म्हणून मी काही विचारलंच नाही. एकवीस दिवस प्याले. रोज अंघोळीला गाठ चाचपायची आणि आज लहान लागतेय असं मनाला बजावायची.

मी कागलच्या एमआयडीसीत कास्टिंगची, म्हणजे ओतीव लोखंडी भागांची, तपासणी करते. बाविसाव्या दिवशी एका पुरवठादाराने माल आणला, सोबत त्याच्याच लॅबचा दाखला. नमुना कापू देईना. एवढे लोक वापरत्यात की, कुणाची तक्रार न्हाय, हा त्याचा हेका.

“माल तुमचा, दाखलाबी तुमचाच. कापून बघितल्याबिगर घेणार न्हाय,” मी म्हणाले आणि मला माझीच गाठ आठवली. लोखंडाला लावते तो नियम मी स्वतःच्या अंगाला लावला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. शेवटी त्याच वैद्याकडून काढा मागवायचा नंबर होता. वैद्यापेक्षा मला माझाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना तोंडावर विचारलं: सुईने पसरतं का? आणि ऑपरेशन झालं तर फायदा तुमचाच ना? त्या रागावल्या नाहीत. सुईने आजार अंगभर पसरत नाही, हे कागदावर चित्र काढून समजावलं. मग म्हणाल्या, “फायदा माझाही आहे की. म्हणून बायोप्सीच्या स्लाइड, म्हणजे त्या तुकड्याच्या काचपट्ट्या, तुम्हीच न्या, मी सुचवलेल्या नाही, तुम्ही निवडाल त्या ठिकाणी दाखवा.”

बायोप्सी करून घेतली आणि स्लाइड दुसऱ्या लॅबमध्येही नेल्या. दोन्ही ठिकाणचे रिपोर्ट आले. दोन्हीकडे एकच शब्द होता: कॅन्सर. पुढच्या तपासण्यांत कळलं, अजून पसरला नव्हता. माझ्याआधी जाऊबाई रडल्या.

ऑपरेशन झालं, केमो झाली, केस परत आले. स्वतःचंच म्हणणं दुसरीकडे तपासून बघायची वाट दाखवणाऱ्या त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

आता कारखान्यातल्या बायका विचारतात, कुठं गेलतीस, काय घेतलंस? मी सांगते, मी बरी झाले हा माझ्या गाठीचा दाखला आहे. त्यावर तुमची गाठ पास करू नका. तपासून घ्या, आणि माझ्यासारखे एकवीस दिवस घालवू नका.