पिराजीनं मालकाचं चरित्र वाचलं

पिराजी निपाणीकडचा. बेंगळुरात व्हाइटफील्डच्या एका मोठ्या सोसायटीत अकरा वर्षं वॉचमन. नोकरीला लावलं ते गाववाल्या नागोजीअण्णानं. अण्णा तिथला सुपरवायझर. गावाकडची पाच माणसं त्यानं त्या गेटावर चिकटवली होती आणि त्यांच्यात एक रीत होती. अडीनडीला कुणी गावी गेला, तर दुसऱ्यानं त्याची पाळी ओढायची, सहीबी त्याच्या नावानं ठोकायची. कारण वॉचमन पुरवणारी कंपनी रजा मागून देत नव्हती. गेट कधी मोकळं पडलं नाही आणि ही गोष्ट कुणाच्या तोंडातनं कधी भाईर गेली नाही.

यंदा कंपनीच्या मालकानं आपलं चरित्र छापलं आणि गड्यागणिक एक प्रत वाटली. कानडीत. मालकबी एके काळी गेटावरच उभा राहिलेला. बाकीच्यांनी पुस्तक डब्याखाली घातलं. पिराजी सातवीपतोर कानडी शाळेत गेलेला, त्यानं ओळीवर बोट फिरवत सगळं वाचलं. मालकानं तरणेपणी साहेबाला सगळं खरं सांगितलं, त्यापायी त्याचं बी भलं झालं आणि जोडीदाराचं बी, हे पान तर त्यानं चारदा वाचलं. गडी त्याला ‘शेटजी आले’ म्हणून टोचायचे. अण्णा हसायचा नाही.

“पिराजी, जिंकला म्हणून त्यानं लिवलंय. खरं बोलून बुडाला, त्याचं कोण छापतंय?”

वर्षाच्या कार्यक्रमाला मालक आला. पुस्तकातनं काय शिकलात, म्हणून त्यानं विचारलं. पिराजी उठला. खरं बोलायला शिकलो, म्हणाला, आणि बोलता बोलता त्याला चेव चढला. नागोजीअण्णाच्या बायकोचं, भागुबाईचं, चिकोडीत ऑपरेशन झालं, तवा आठ दिवस अण्णाची सही करून आपण दोघांचं काम कसं रेटलं, ते त्यानं रंगवून सांगितलं. आमची माणसं अशी जीव लावणारी, असं त्याला म्हणायचं होतं. आणि खोटं कशाला, मालकानं आपली बी पाठ थोपटावी, असं त्याच्या मनात होतंच. मालकानं टाळी वाजवली. फोटो निघाला.

तिसऱ्या दिवशी अण्णाला काढल्याचं पत्र आलं. त्याच्या जागी पिराजीचं नाव.

पिराजी ऑफिसात धावला. सही माझी, गुन्हा माझा, म्हणून सांगितलं. तिथली कारकून अनुषा मान वर न करता म्हणाली, “सर म्हणाले, तुम्ही खरं बोललात.”

खोलीवर अण्णा कपडे बांधत होता.

“अण्णा, मी तुमचं कौतुकच करत हुतो वो.”

“ठावं हाय रं. म्हणून तर तुला शिवी बी देता येईना.”

दुपारच्या गाडीनं तो गेला. भागुबाईचं औषधपाणी अजून चालूच होतं.

महिन्याभरानं गाववाल्या पाचांतला रणजीत रजेचा अर्ज घेऊन पिराजीपुढं उभा राहिला. बाप अंथरुणाला खिळलेला, आज-उद्याचा सोबती. पिराजीनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, “तू जा गड्या. तुझी पाळी मी बघतो.”

“नको साहेब,” रणजीत म्हणाला. अकरा वर्षांत त्या गेटावर पिराजीला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. “अर्ज वर धाडा तेवढा.”

पिराजीनं धाडला. सोमवारी नामंजूर होऊन आला. बुधवारी बाप गेला. निरोप आला तवा रणजीत गेटावर गाड्यांना सलाम ठोकत होता.