मनोरीच्या वाळूतला वाळा

शालूताई गेल्याचा फोन आला तसा मी मुलुंडला धावलो. चपला काढतोय तोच तिच्या भावानं मला बाजूला घेतलं. ‘‘तू जायचास ना रे तिच्याबरोबर, जुनी नाणी शोधायला? सोनंबिनं काही ठेवलं असेल ना तिनं?’’ आत ताई अजून जमिनीवरच होती... मला शिसारी आली. महिना उलटला तरी ती शिसारी गेलेली नाही, कारण त्याच्या तोंडाकडे बघताना मला माझंच तोंड दिसलं होतं.

शालूताई माझी मावसबहीण, शाळेत विज्ञान शिकवायची. एशियाडच्या वर्षी लोकांनी रंगीत टीव्ही घेतले. हिनं जुन्या रेडिओच्या भागांतून धातू शोधायचं यंत्र बनवलं. दर रविवारी मार्व्याहून होडीनं आम्ही मनोरीला जायचो. कानाला हेडफोन, पदर खोचलेला, दांडीला लावलेली तारेची चकती वाळूवरून फिरवत ती चालायची. सापडायचे बहुतेक खिळे आणि सोड्याच्या बाटल्यांची बुचं. कधीतरी एखादं हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं. मग ती हरखून म्हणायची, ‘‘हे शेवटचं कुणाच्या हातात होतं रे?’’ मी विचारायचो, ‘‘याचे किती येतील?’’

एकदा किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांपाशी यंत्र जोरात वाजलं. पलीकडे मासळी सुकत घालणारी हिराबाई उठून आली.

‘‘तिथं नका खणू, बाय. आमची बारकी पोरं निजलीत तिथं.’’

ताईनं तत्क्षणी हेडफोन काढला, हात जोडले आणि ती पाण्याकडे निघून गेली. मी मागे राहिलो. हिराबाईची पाठ वळली तसं मी खुरपं घातलं. वीतभरावरच लागला... चांदीचा वाळा, माझ्या दोन बोटांत मावेल एवढा. त्याच्या आत वाळूनं धरलेलं बारीक, पांढरं काहीतरी होतं. ते मी बोटानं खरवडून काढलं. काय होतं ते मला कळलं होतं. तरी वाळा खिशात टाकला.

परतीच्या होडीत मी तो ऐटीत तिच्यापुढे धरला. ताई होडीच्या कडेवर वाकून ओकली. मार्व्याला मला उतरूही दिलं नाही. त्याच होडीनं आम्ही परत गेलो. तिनं वाळा हिराबाईच्या ओंजळीत ठेवला. हिराबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्या पायाशी थुंकली. मी पाय मागे घेतला नाही.

‘‘तुझी किळस वाटते रे मला,’’ एवढंच ताई बोलली. पुढे राखी बांधायची, खायला घालायची. मनोरीचं नाव मात्र कधी काढलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर ताईच्या भाच्यानं कपाटातली तिची वही दाखवली. काय सापडलं, कुठे, किती खोल. सगळं तिच्या गोल अक्षरांत. शेवटच्या पानावर लिहिलं होतं : ‘मनोरी. सुरूंखाली. लहान मुलाचा वाळा. परत दिला. आम्ही चोर.’

‘आम्ही’ लिहिलं होतं तिनं.