गारगोटीचे पीठ

रसायनशास्त्राच्या पदव्या हाती असूनही मला पहिली नोकरी पस्तिशी उलटल्यावर मिळाली, ती पनवेलबाहेरच्या एका गारगोटीच्या गिरणीत. नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. काचकारखान्यांना लागणारी भुकटी तिथे तयार होई. जबड्यासारख्या यंत्रात दगड फुटत आणि लोखंडी गोळ्यांनी भरलेल्या फिरत्या पिंपात त्यांचे पीठ होई. त्या पिठाचा बारीकपणा तपासणे हे माझे काम. चार माणसांसमोर बोलायची मला धास्ती वाटे. त्यामुळे तपासणीची कोंदट खोली मला मानवली होती.

जबड्यावर पाण्याचा फवारा बसवलेला होता. तो सुरू असला की धूळ जागीच बसे. पण ओला माल चाळणीला चिकटे आणि काम मंदावे. म्हणून मुकादम नळ बंद ठेवी. त्याऐवजी सुटीच्या वेळी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा पडे. गुळाने छातीतली धूळ उतरते, असे मालक सांगत. या औदार्याचा मला आजही संताप येतो. गूळ पोटात जातो. फुप्फुसात रुतलेल्या गारगोटीला त्याचा काय उपयोग?

डोंगराकडच्या वाडीवरची एक बाई जबड्यात दगड टाकीत असे. तिचा नवरा हेच काम करून, खोकून खोकून अंथरुणाला खिळला होता. एके दिवशी सकाळीच ती मुकादमापुढे उभी राहिली.

“आजपासना गूळ नको. पानी सोडा.”

“वा गं महाराणी! गुलाबपाणी शिंपडू का?”

“तुमी ऱ्हावा ना तिथं उभं. दुपारपर्यंत खोकला नाय आला, तर तुमच्या वाटनीचा गूळ पन मी खाते.”

बायका हसल्या. मुकादमाने तिला शिवी हासडली. माझी कानशिले तापली. कुणाशी अक्षरही न बोलता मी जबड्यापाशी गेलो आणि नळ पूर्ण उघडला. मुकादम माझ्या पदव्यांना बिचकला असावा. तो बाजूला सरकला. त्या दुपारी मला तिचा चेहरा प्रथमच स्पष्ट दिसला.

दुसऱ्या दिवशी नळाचे चाकच काढून नेलेले होते. मी मालकांच्या खोलीत शिरलो.

“चाक परत बसवा.” माझा आवाज कापत होता, पण भीतीने नव्हे.

“मास्तर, तुम्ही बारीकपणा बघा. पाण्याचं आम्ही बघतो.”

“अहो, तिचा नवरा मरतोय!”

“दारू पितो हो तो.”

मी बाहेर आलो. ती टोपली घेऊन थांबली होती. पाणी मिळणार नाही, एवढेच मी सांगू शकलो.

“मंग आमी वीटभट्टीवर जाताव,” ती म्हणाली आणि टोपली तिथेच टाकून निघाली.

“भट्टीवर काय थंडगार वारा लागतो काय गं?” मुकादम मागून ओरडला. तिने वळून पाहिले नाही.

तासाभरात त्याने दुसऱ्या वाडीवरून दोन नव्या मुली आणल्या. त्यांनी पदर नाकावर घट्ट बांधले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.